देवनहळ्ळीला उतरून म्हैसूर गाठताना : विमान आणि रेल्वे यांच्यामधले ३५ किलोमीटर

म्हैसूर : परदेशातून म्हैसूरला येणाऱ्या प्रवाशाचे विमान म्हैसूरला उतरत नाही. शहराच्या दक्षिणेस मंडकळ्ळी येथे विमानतळ आहे. मात्र त्याची धावपट्टी १,७४० मीटरची असल्याने तेथे एटीआरसारखी लहान विमानेच ये-जा करतात आणि आंतरराष्ट्रीय सेवा तेथे नाही. लंडन, फ्रँकफर्ट, दुबई वा सिंगापूरहून निघालेला प्रवासी उतरतो तो बंगळुरूच्या उत्तरेस, देवनहळ्ळी येथील केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावर. म्हैसूर आहे बंगळुरूच्या नैर्ऋत्येस. दोहोंच्या मध्ये अख्खे बंगळुरू शहर पसरलेले आहे, आणि या प्रवासाची सारी अडचण त्या शहरातच आहे.

बंगळुरू ते म्हैसूर हे लोहमार्गावरील अंतर सुमारे १३८ किलोमीटर. शताब्दी किंवा वंदे भारत एक्स्प्रेस ते दोन तासांच्या आसपास कापते, इतर जलद गाड्यांना अडीच ते तीन तास लागतात. विमानतळ ते मुख्य रेल्वे स्थानक हे अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास आहे. पण हेब्बाळच्या उड्डाणपुलावर वाहने तुंबली की या ३५ किलोमीटरला पुढच्या १३८ किलोमीटरइतकाच वेळ लागू शकतो. योगाभ्यासासाठी येणारे परदेशी विद्यार्थी, दसऱ्याला येणारे पर्यटक, मुलाबाळांसह सुट्टीला घरी परतणारी कुटुंबे अशा साऱ्यांना हे गणित आधी मांडावे लागते.

आंतरराष्ट्रीय उड्डाणे १२ सप्टेंबर २०२३ पासून विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलवर हलविण्यात आली. विमान धावपट्टीवर टेकल्यापासून इमिग्रेशन, सामानाचा पट्टा आणि सीमाशुल्क तपासणी आटोपून बाहेर पडेपर्यंत दीड तास धरणे शहाणपणाचे. तेथून शहर परिवहन महामंडळाच्या ‘वायु वज्र’ या वातानुकूलित बसगाड्या सुटतात. त्यांतील केआयए-९ क्रमांकाची बस मॅजेस्टिक येथील केंपेगौडा बसस्थानकावर पोहोचते, आणि मुख्य रेल्वे स्थानक तिथून रस्त्यापलीकडेच आहे. पहाटे रस्ते मोकळे असताना तासाभरात होणारा हा प्रवास सकाळी आणि संध्याकाळी दुप्पट लांबतो. आखाती देश व युरोपातून येणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे उतरतात, ही गैरसोय वाटली तरी रेल्वेने पुढे जाणाऱ्याच्या पथ्यावर पडते : रस्ता मोकळा मिळतो आणि सकाळच्या गाड्या समोर असतात.

विमानतळाच्या नावाचे एक रेल्वे स्थानकही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. यलहंका ते चिक्कबळ्ळापूर या मार्गावरील हा थांबा ४ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाला. तेथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत, आणि थांब्यापासून टर्मिनलपर्यंत पुन्हा वाहनाने जावे लागते. विमानतळावर काम करणाऱ्यांना तो उपयोगी पडतो. दोन मोठ्या पेट्या घेऊन उतरलेल्या परदेशस्थाने त्याच्या भरवशावर म्हैसूरची गाडी आरक्षित करू नये. उपनगरी रेल्वे प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते २० जून २०२२ रोजी झाली. त्यातील ‘संपिगे’ नावाची ४१ किलोमीटरची मार्गिका मुख्य स्थानकाला यलहंकामार्गे देवनहळ्ळीशी जोडणार आहे. मेट्रोच्या निळ्या मार्गिकेचेही काम सुरू आहे. तोवर बस किंवा टॅक्सी हाच पर्याय.

युरोपातून येणाऱ्याला हा तुटलेला दुवा विशेष जाणवतो. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाखाली रेल्वे १९७८ मध्ये आली, झुरिकच्या विमानतळाखाली १९८० मध्ये. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर १९९४ पासून अतिजलद गाड्या थांबतात आणि फ्रँकफर्टला लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी स्वतंत्र स्थानक १९९९ मध्ये उघडले. जर्मनीत विमानाच्या तिकिटासोबतच रेल्वेचे तिकीट काढण्याची सोय आहे. भारतात विमान कंपनीचा करार वेगळा, रेल्वेचा वेगळा. विमानाला सहा तास उशीर झाला आणि म्हैसूरची गाडी निघून गेली, तर रेल्वेच्या दृष्टीने प्रवासी केवळ गैरहजर असतो. गाडीच तीन तासांहून अधिक उशिरा आली आणि प्रवासच केला नाही, तर परतावा मागता येतो. विमानाच्या उशिरासाठी असा कोणताही नियम नाही. म्हणून विमान उतरण्याची नियोजित वेळ आणि आरक्षित गाडीची वेळ यांत किमान चार तास, दिवसाउजेडी उतरणाऱ्याने पाच तास ठेवावेत.

गाडी कोणत्या स्थानकावरून सुटते, हे तिकिटावर नीट वाचणे आवश्यक आहे. म्हैसूरच्या बहुतेक गाड्या ज्या मुख्य स्थानकावरून सुटतात त्याचे अधिकृत नाव ‘क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा बंगळुरू’, संक्षेपाने केएसआर बंगळुरू. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या या सेनानीचे नाव स्थानकाला मिळाले, तरी संगणकावरील संकेताक्षरे मात्र जुन्या ‘बेंगलोर सिटी’ची, एसबीसी अशीच राहिली. रिक्षावाल्याला ‘सिटी स्टेशन’ किंवा ‘मॅजेस्टिक’ म्हटलेले अधिक लवकर कळते. यशवंतपूर हे वेगळे स्थानक, बंगळुरू कॅन्टोन्मेंट वेगळे. बैयप्पनहळ्ळी येथे जून २०२२ मध्ये सुरू झालेले, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या नावाचे वातानुकूलित टर्मिनल तर शहराच्या दुसऱ्याच टोकाला आहे. खडकवासला धरणाच्या स्वयंचलित दरवाजांमुळे महाराष्ट्राला आणि कृष्णराजसागर धरणामुळे म्हैसूरला परिचित असलेल्या या अभियंत्याचे नाव पाहून अनेकांना म्हैसूरची गाडी तिथूनच सुटत असेल असे वाटते. चुकीच्या स्थानकावर पोहोचल्यास गाडी हुकलीच म्हणून समजावे.

आरक्षणाच्या नियमांत अलीकडे झालेले बदल परदेशस्थांना अधिक जाचक ठरतात. सर्वसाधारण प्रवाशांसाठी आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. परदेशी पर्यटकांना ठरावीक गाड्या व वर्गांत ३६५ दिवस आधी आरक्षण करता येते. त्यासाठी रेल्वेच्या तिकीट संकेतस्थळावर परदेशी मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून शुल्क भरावे लागते. मात्र १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट केवळ आधार-प्रमाणित खातेदारालाच काढता येते, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून सर्वसाधारण आरक्षण खुले झाल्यानंतरच्या पहिल्या १५ मिनिटांनाही हीच अट लागू करण्यात आली. दलालांना आवर घालण्यासाठी केलेल्या या नियमाचा फटका आधार नसलेल्या परदेशी नागरिकाला बसतो : ऐनवेळी तिकीट काढण्याचा मार्ग त्याला बंद होतो. भारतातील नातेवाइकाने स्वतःच्या खात्यावरून तिकीट काढून देण्यास हरकत नाही. कुटुंबीय व मित्रांसाठी असे तिकीट काढता येते, असे रेल्वेने जून २०२४ मध्ये स्पष्ट केले होते. त्याची विक्री करणे हा गुन्हा आहे. प्रवासात ओळखीचा पुरावा म्हणून मूळ पासपोर्ट चालतो.

प्रतीक्षा यादीतील तिकिटावर विसंबून विमानात बसू नये. आरक्षणाचा पहिला तक्ता आता गाडी सुटण्याच्या दहा तास आधी तयार होतो आणि दुपारी दोनपूर्वी सुटणाऱ्या गाड्यांचा आदल्या रात्री. लंडनहून बंगळुरूचे थेट उड्डाण सुमारे दहा तासांचे असते. म्हणजे जागा मिळाली की नाही याचा निकाल लागतो तेव्हा प्रवासी आकाशात असतो. जागा न मिळाल्यास ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत मिळतात, हीच काय ती जमेची बाजू. पक्के झालेले तिकीट मात्र गाडी सुटण्याआधीच्या शेवटच्या काही तासांत रद्द केल्यास काहीच हाती येत नाही.

या सर्व कटकटींवर एक साधा उतारा आहे, आणि तो या मार्गावर बहुतेक वेळी चालतो : अनारक्षित तिकीट. दोन्ही शहरांमध्ये दिवसभर गाड्यांची ये-जा असते. दोनशे किलोमीटरपेक्षा कमी अंतराचे अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांत किंवा त्यानंतरची पहिली गाडी सुटेपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो, म्हणून ते स्थानकावर पोहोचल्यावरच खिडकीवर घ्यावे. या तिकिटावर वंदे भारत किंवा शताब्दीत बसता येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी, सलग सुट्ट्यांत आणि दसऱ्यात सर्वसाधारण डब्यात पाय ठेवायला जागा नसते. लहान मुले वा वृद्ध सोबत असतील तर तेव्हा हा मार्ग टाळावा.

सामानाचाही विचार करावा लागतो. विमान कंपन्या पुष्कळदा २३ किलोच्या दोन बॅगा नेऊ देतात. वातानुकूलित खुर्ची डब्यात विनामूल्य सामानाची मर्यादा ४० किलो आहे, त्यावर १० किलोपर्यंत सवलत धरली जाते. वजनापेक्षा खरी अडचण जागेची असते. या डब्यांत मोठ्या पेट्या डोक्यावरच्या फळीवर चढवाव्या लागतात. चार जणांच्या कुटुंबाकडे आठ बॅगा असतील, तर रेल्वेचा आग्रह सोडून विमानतळावरून थेट म्हैसूरला जाणारी राज्य परिवहनची ‘फ्लायबस’ धरणे श्रेयस्कर. ती बंगळुरूच्या कोंडीतून सुटत नाही आणि सुमारे चार तास घेते. पण सामान एकदाच चढवायचे आणि एकदाच उतरवायचे. बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती महामार्गाचे उद्घाटन १२ मार्च २०२३ रोजी झाल्यापासून शहराबाहेरचा रस्त्याचा प्रवासही लवकर होतो.

तरीही ज्याला थोडा वेळ आहे त्याने रेल्वेच निवडावी. म्हैसूर संस्थानच्या काळात १८८२ मध्ये पूर्ण झालेला हा लोहमार्ग मुळात मीटर गेजचा होता. दुहेरीकरणाच्या वेळी श्रीरंगपट्टण येथे टिपू सुलतानच्या काळातील शस्त्रागार रुळांच्या वाटेत आले. ते पाडण्याऐवजी २०१७ मध्ये ती सबंध दगड-विटांची वास्तू उचलून सुमारे शंभर मीटर अंतरावर सरकवण्यात आली आणि मगच रूळ पुढे गेले. त्याच टिपूच्या नावाने वर्षानुवर्षे धावणारी या मार्गावरील एक्स्प्रेस ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘वडेयार एक्स्प्रेस’ झाली. जुन्या प्रवाशांच्या तोंडी पहिले नाव अजून येते. वाटेत ‘शोले’च्या चित्रीकरणाचे रामनगरचे खडक लागतात, लाकडी खेळण्यांचे चन्नपट्टण लागते. मद्दूरचा कुरकुरीत वडा त्या गावाच्या नावानेच ओळखला जातो. पुढे कावेरीचे पात्र ओलांडून गाडी श्रीरंगपट्टणच्या बेटावर येते. म्हैसूर तेथून जेमतेम पंधरा किलोमीटर.

काही गाड्या म्हैसूर जंक्शनवर न संपता पुढे अशोकपुरम किंवा चामराजनगरपर्यंत जातात. म्हैसूर हे शेवटचे स्थानक असेल असे गृहीत धरून झोपलेला प्रवासी त्यामुळे पुढे जातो. राजवाडा आणि शहर बसस्थानक यांसाठी म्हैसूर जंक्शनच सोयीचे. महाराष्ट्रात जोडून जायचे असल्यास येथूनच दादरसाठी शरावती एक्स्प्रेस आणि पंढरपूरसाठी गोलघुमट एक्स्प्रेस मिळते.

परतीच्या प्रवासात चुकीची किंमत अधिक मोठी असते. गाडी हुकल्यास दुसरी मिळते, परदेशाचे विमान मिळत नाही. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे, मॅजेस्टिकहून विमानतळापर्यंत दीड-दोन तास, बस मिळेपर्यंत पाऊण-एक तास आणि रेल्वेचे अडीच तास अशी बेरीज केल्यास पावणेआठ ते साडेआठ तास होतात. रात्री २ वाजताच्या उड्डाणासाठी म्हैसूरहून सायंकाळी ५ च्या आतली गाडी घ्यावी लागते.