दगडफूल सांगतं हवेची गोष्ट

उन्हाळा आला की शिरोली एमआयडीसीच्या आसपासच्या आपल्या बचत गटांत वर्षाच्या चटणीची ऑर्डर सुरू होते. यंदा मसाला निवडताना एकीनं दगडफूल हातात घेऊन विचारलं, "हे नक्की कशाचं फूल?" आम्हाला कुणालाच सांगता येईना. मग शोधाशोध केली.

ते फूल नाहीच. बुरशी आणि शेवाळ यांचा तो एकत्र संसार. बुरशी घर देते, शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं. मुळं नाहीत, त्यामुळे हवेतून आणि पावसातून येईल तेच घ्यायचं. कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायूही तसाच आत जातो. शेवाळाचा हिरवेपणा मरतो आणि संसार मोडतो.

१८६६ साली मूळचे फिनलंडचे विल्यम निलँडर यांनी पॅरिसमध्ये हे टिपलं. शहरात इतरत्र न दिसणारी दगडफुलं लक्झेंबर्ग बागेत होती, म्हणजे तिथली हवा चांगली, असं त्यांनी लिहिलं. तीसेक वर्षांत त्या बागेतलीही गेली. १९७० मध्ये इंग्लंडच्या हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी त्यावरून शून्य ते दहा अशी मोजपट्टीच बनवली. पुढे कोळशाचा धूर घटला, तशी लंडनमध्ये दगडफुलं परत आली. आम्हाला तर या सगळ्यात हीच मोठी बातमी वाटते.

आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत प्रा. पी. जी. पटवर्धन आणि डॉ. उर्मिला मखिजा यांनी सह्याद्रीतली दगडफुलं गोळा करून ओळखली. किती बारकाईचं काम! आपण तर सगळ्यांना एकच नाव देऊन मोकळ्या होतो.

पन्हाळ्याला गेलो तेव्हा आम्ही खोडं निरखली. राखी-हिरव्या झालरी लागलेल्या. इथं हायवेकडेच्या झाडावरून बोट फिरवलं तर काळं होतं. पण तेवढ्यावरून फाउंड्र्यांना किंवा ट्रकना दोष देणं घाईचं होईल. पन्हाळ्याचं धुकं आपल्याकडे कुठलं? शिवाय लिंबाची साल वेगळी, आंब्याची वेगळी. म्हणून आम्ही आंब्याचीच दहा झाडं ठरवलीत. दर दिवाळीनंतर त्याच जागेचा फोटो काढायचा.

आणि एक. दगडफूल हवेतलं शिसंही धरून ठेवतं, म्हणून रस्त्याकडेचं खरवडून मसाल्यात घालू नका. बाजारातलं घेताना आम्ही आता दुकानदाराला विचारतो, "कुठल्या रानातलं?" तो हसतो. "ताई, पोत्यावर रानाचं नाव नसतं."