तालमीबाहेर राहिलेल्यांची सायकल

महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या बीदर जिल्ह्यातला हुलसूर आज स्वतंत्र तालुका असला, तरी त्याचा इतिहास बसवकल्याणाशी बांधलेला आहे. हे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. तिथून राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर ११३० च्या सुमाराचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. त्यातल्या मल्लविनोदाच्या प्रकरणात वय, अंगलोट आणि ताकद पाहून मल्लांची प्रतवारी लावलेली आहे. कुणी कोणते श्रम करावेत हेही त्यात येतं: वजन उचलणं, फिरणं, पोहणं, खांबावरची मेहनत. मल्लांना डाळी, मांस, दूध, साखर पुरवणं हे राजाचं काम. व्यायाम माणूस पाहून, मापानं द्यायचा असतो, ही जाण त्यात आहे. ज्याला तो द्यायचा तो धडधाकट पुरुषच, ही समजूतही आहे. पुढच्या आठशे-नऊशे वर्षांत पहिली गोष्ट मागं पडत गेली आणि दुसरी घट्ट होत गेली. या सीमाभागात घरासाठी परवडणारी, पाठ टेकून चालवायची व्यायामाची सायकल निवडताना आज जी गफलत होते, तिचं मूळ या दुसऱ्या समजुतीत आहे, असं माझं म्हणणं आहे.

राजाश्रय गेला आणि व्यायाम गावाच्या आधारानं जगला. कुणी तालीम म्हणतं, कुणी कन्नडमध्ये गरडी. आतलं चित्र तेच. तेल, ताक, हळद घालून मळलेली तांबडी माती, भिंतीला टेकवलेली मुद्गलांची जोडी, दगडी नाल, कोनाड्यात मारुती. हा भाग निजामाच्या राज्यात असताना आखाडा काढायलाही सरकारी परवानगी लागे. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात ज्या तक्रारी होत्या, त्यांत हीसुद्धा होती. भालकीत जन्मलेले आर्य समाजाचे पुढारी भाई श्यामलाल याच काळात, डिसेंबर १९३८ मध्ये, बीदरच्या तुरुंगात वारले. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत बीदर जिल्हा फुटला. निलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी, हुमनाबाद आणि बीदर म्हैसूर राज्यात. कुस्तीनं मात्र ही रेघ मानली नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० मध्ये एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले, तेव्हा त्यांचं कौतुक सीमेच्या दोन्ही बाजूंना झालं. ही परंपरा मोठी आहे आणि तिचा अभिमान रास्तच आहे.

पण त्या तालमीच्या दारातून आत कोण जात होतं, हे विचारलं पाहिजे. बायका जात नव्हत्या. साठी उलटलेला पैलवान गेलाच तर वस्ताद म्हणून कट्ट्यावर बसायला. गुडघा धरलेला, लकव्यातून उठलेला, अंगानं स्थूल झालेला माणूस तिथं शोभत नाही असंच मानलं जाई. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तो इथं मोलाचा वाटतो. साधन नाही, खर्च नाही, जागा घोंगडीएवढी. आणि बायकांनी, मुलांनीही ते घालावेत असा त्यांचा आग्रह होता. व्यायाम तालमीतून घरात आला तो या वाटेनं. तरीही नमस्कारासाठी जमिनीवर जावं लागतं, मनगटांवर भार घ्यावा लागतो आणि परत उठावं लागतं. ज्यांना खाली बसून उठणंच जमत नाही, ते पुन्हा बाहेरच राहिले.

यावर एक उत्तर नेहमी येतं: आपल्या बायकांनी जात्यावर दळलं, विहिरीचं पाणी ओढलं, तुरीच्या रानात वाकून खुरपलं, त्यांना वेगळा व्यायाम कशाला? हे कौतुकाच्या सुरात म्हटलं जातं, म्हणूनच ते तपासून घ्यावं. कष्टाचं माप शरीर ठरवत नाही, काम ठरवतं. दळण संपेपर्यंत दळायचं, खांदा भरून आला तरी. आयुर्वेदानं अर्ध्या शक्तीपर्यंतच व्यायाम करावा असं बजावलं आहे. मजुरीत ती मुभा नसते. वर्षानुवर्षं उकिडवं बसून भाकरी थापणाऱ्या आणि शेतात वाकणाऱ्या बाईचे गुडघे पन्नाशीत बोलायला लागतात, तेव्हा तिला आणखी कष्ट नकोत. तिला मापात हालचाल हवी, आणि ती गुडघ्यावर अंगाचा भार न टाकता.

नेमक्या अशाच माणसांसाठी यंत्र करायची कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये फ्रान्सिस लाउंड्स यानं १७९६ मध्ये ‘जिम्नॅस्टिकॉन’ नावाच्या लाकडी सांगाड्याचं पेटंट घेतलं. पायांनी पावड्या दाबायच्या, हातांनी दांडे फिरवायचे, चाकं एकमेकांना जोडलेली. रोख सांधे आखडलेल्या रुग्णांवर. पाठ टेकून चालवायची सायकल मात्र गाजली ती वेगासाठी. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर यानं शार्ल मोशेच्या अशा सायकलवर तासाभरात ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापलं, आणि १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं ती शर्यतींतून बाद केली. मर्दुमकीच्या मैदानातून हाकललेली बैठक पुढं घरातल्या यंत्रात गुडघे-पाठीच्या रुग्णांच्या कामी आली, हे मला योग्यच वाटतं.

आता निवडीकडे येऊ. दुकानात किंवा मोबाईलवर लोक बघतात ते चाकाचं वजन आणि ताणाच्या पायऱ्या, म्हणजे पैलवानाच्या नजरेनं. आठ पायऱ्यांऐवजी सोळा असल्या म्हणजे जास्त दम, असा हिशेब. पण जिच्यासाठी यंत्र घ्यायचं ती आयुष्यभर बहुधा पहिल्या तीन-चार पायऱ्यांवरच राहील. त्या पायऱ्या खरोखर हलक्या आहेत का, हे महत्त्वाचं. सांगाडा मधून किती उंच आहे, पाय उचलून ओलांडावा लागतो की सरळ आत सरकता येतं, हे त्याहून महत्त्वाचं. पाठीचा टेका कमरेला लागला पाहिजे. बैठक पुढं-मागं सरकून पावडी लांबच्या टोकाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सगळा ताठ झाला किंवा छातीशी आला तर सांध्याला त्रासच. साडीचा घोळ अडकू नये म्हणून पट्टा आणि चाक पूर्ण झाकलेलं हवं. चुंबकाच्या ताणावर चालणारी बरीच साधी यंत्रं विजेशिवाय चालतात, पडद्याला पेन्सिल सेल पुरतात. वीज येत-जात असलेल्या गावात हा गुण पडद्यावरच्या रंगीत आकड्यांपेक्षा मोठा. बैठकीवर किती वजन चालतं तो आकडाही बघावा, आणि घरातल्या सर्वांत जड माणसापेक्षा तो बराच वर असावा.

रोज फुकट चालता येत असताना वीस हजारांच्या आसपास पैसे का घालावेत, हा आक्षेप खरा आहे आणि ज्याला चालता येतं त्यानं चालावंच. सायकल त्याच्यासाठी नाही. दुसरा आक्षेप असा की चार महिन्यांत तिच्यावर कपडे वाळत पडतात. पडतात, आणि बहुतेकदा यासाठी की ती घरातल्या तरुणानं स्वतःच्या हौसेनं आणलेली असते. ज्या आईला ती लागणार, तिला बसवून बघितलेलं नसतं. पैशाचा प्रश्न राहतोच. सोमेश्वराच्या काळी मल्लाचा खर्च राजानं उचलला, नंतर गावानं वर्गणी काढून तालीम सांभाळली. खर्च एकट्या घरावर पडला तो आपल्याच काळात, आणि नेमका अशा माणसासाठी ज्याच्या हातात पैसा सर्वांत कमी. गावाच्या वर्गणीची ती पद्धत इथं पुन्हा लावायला काहीच हरकत नाही. एखाद्या बचत गटानं अशी एक सायकल समाजमंदिरात किंवा वाचनालयाच्या खोलीत ठेवली, तर वीसेक बायकांना पाळीपाळीनं अर्धा-अर्धा तास मिळतो, हप्ता एकीवर पडत नाही, आणि पावडी ढिली झाली तर गावातला सायकलवाला ती आवळून देतो.