जहाजांच्या प्रतिकृती : छंद, आराखडा आणि ऐतिहासिक पुरावा

सारांश :
जहाजाची प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करणे हा आज अनेक देशांत रुजलेला छंद आहे. तथापि या छंदाची मुळे गोदीतील कामकाजात आहेत. प्रस्तुत निबंधात या प्रवासाचा आढावा घेऊन, प्रतिकृती हे इतिहासाचे साधन केव्हा ठरते, या प्रश्नाची चर्चा केली आहे. त्यासाठी पश्चिम किनाऱ्यावरील दोन उदाहरणांची तुलना केली आहे : आराखडा उपलब्ध असलेले, मुंबईच्या गोदीत बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज आणि आराखडा उपलब्ध नसलेली मराठा आरमारातील गुराब.

बीजशब्द : जहाज-प्रतिकृती, प्रमाण, आराखडा, मुंबई गोदी, मराठा आरमार, गुराब.

प्रस्तावना :
इतिहासलेखनात कागदपत्रे, नाणी, शिलालेख व वास्तू यांना साधन म्हणून मान्यता आहे. प्रतिकृतीकडे मात्र शोभेची वस्तू म्हणून पाहिले जाते. जहाजांच्या बाबतीत ही दृष्टी अपुरी पडते. लाकडी जहाज ही अल्पायुषी वस्तू आहे. ते कुजते, जळते, बुडते किंवा मोडीत निघते. त्यामुळे गतकाळातील बहुसंख्य जहाजे आज केवळ आराखडा, चित्र, वर्णन आणि प्रतिकृती या चार रूपांतच शिल्लक आहेत. यांपैकी प्रतिकृती हे एकमेव त्रिमितीय रूप असल्याने पाहणाऱ्याच्या मनावर तिचा ठसा सर्वांत खोल उमटतो. म्हणूनच ती कोणत्या पुराव्यावर उभी आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.

उद्दिष्टे :
१) जहाज-प्रतिकृतींचा गोदीपासून छंदापर्यंतचा प्रवास समजून घेणे.
२) प्रतिकृतीच्या अचूकतेचे निकष स्पष्ट करणे.
३) या निकषांच्या आधारे मराठा आरमारातील जहाजांच्या प्रतिकृतींचा प्रश्न तपासणे.

थडग्यापासून गोदीपर्यंत :
प्रतिकृतींची परंपरा अतिप्राचीन आहे. इजिप्तमधील मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० मध्ये लाकडी नौकांचा संच सापडला. तो सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा असून आज कैरो व न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत विभागलेला आहे. नौकेवरील माणसे, वल्ही व स्वयंपाकाची व्यवस्था यांची माहिती त्यातून मिळते. तथापि या नौका मृताच्या परलोकातील सोयीसाठी होत्या. प्रमाणबद्धता हा त्यांचा हेतू नव्हता.

प्रमाणबद्ध प्रतिकृतींचा विकास सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये झाला. तेथील 'नेव्ही बोर्ड' प्रतिकृती बहुधा १:४८ या प्रमाणात, म्हणजे पाव इंचास एक फूट या हिशेबाने केल्या जात. त्यांच्या तळाकडील भागावर फळ्या न बसवता सांगाड्याच्या फासळ्या उघड्या ठेवल्या जात, त्यामुळे जहाजाची अंतर्रचना दिसे. त्यांचा नेमका उपयोग काय होता, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु आरमाराचा कारभार पाहणाऱ्या मंडळींत त्यांना मोठा मान होता, यात शंका नाही. दैनंदिनीकार आणि आरमार-प्रशासक सॅम्युएल पीप्स याला प्रतिकृतींचा विशेष शौक होता. या काळात प्रतिकृती ही तज्ज्ञांची आणि अधिकाऱ्यांची वस्तू होती.

कैद्यांच्या हातची जहाजे :
गोदीबाहेर प्रतिकृती घडवणाऱ्यांत १७९३ ते १८१५ या युद्धकाळातील फ्रेंच कैद्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. इंग्लंडमधील पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉस येथे १७९७ मध्ये मोठी छावणी उभारण्यात आली. तेथील कैदी शिध्यातील मांसाची उरलेली हाडे उकळून, घासून त्यांपासून जहाजे घडवीत आणि बाजारात विकत. केस व रेशीम यांचे दोरकाम, दोरी ओढताच आत सरकणाऱ्या तोफा अशी या कामाची कारागिरी थक्क करणारी आहे. मात्र कैद्यांजवळ आराखडे नव्हते. त्यामुळे डोलकाठ्या पुष्कळदा प्रमाणाबाहेर उंच आहेत, आणि ग्राहकाला परिचित असे नाव देऊन जहाज विकले जाई. कैद्यांच्या जीवनाचा पुरावा म्हणून या प्रतिकृती अमोल आहेत. विशिष्ट जहाजाचा पुरावा म्हणून त्या दुबळ्या आहेत. एकच वस्तू एका प्रश्नाला विश्वसनीय उत्तर देते आणि दुसऱ्याला देत नाही, हा साधनचिकित्सेचा धडा येथे मिळतो.

छंदाचा उदय :
शिडाची जहाजे अस्तंगत होऊ लागली तसे त्यांच्या नोंदीचे महत्त्व वाढले. फ्रेंच नौदल अधिकारी एदमों पारी याने आपल्या सागरी प्रवासांत युरोपबाहेरील नौकांची मोजमापे घेऊन १८४० च्या दशकाच्या आरंभी त्यांचे आराखडे प्रसिद्ध केले. त्यांत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील फत्तेमारीचाही समावेश आहे. पुढे १८७१ पासून पॅरिसच्या नौका-संग्रहालयाची धुरा सांभाळताना त्याने अशा आराखड्यांवरून प्रतिकृती तयार करवून घेतल्या. ब्रिटनमध्ये १९१० मध्ये नौकासंशोधनाची संस्था स्थापन झाली, तर अमेरिकेत १९४८ मध्ये स्थापन झालेल्या 'नॉटिकल रिसर्च गिल्ड'ने हौशी प्रतिकृतिकार आणि संशोधक यांना एकत्र आणले. हॅरॉल्ड अंडरहिल याच्या १९५८ व १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन खंडांनी फासळ्या उभारून त्यांवर फळ्या चढवण्याची पद्धत घरच्या टेबलावर आणली.

छंदाचा खरा प्रसार प्लास्टिकमुळे झाला. 'एअरफिक्स' कंपनीचा 'गोल्डन हाइंड' या जहाजाचा लहानसा संच १९५२ मध्ये ब्रिटनमधील दुकानांत अवघ्या दोन शिलिंगांना मिळू लागला. १९७१ मध्ये जपानमधील शिझुओका येथील चार कंपन्यांनी जहाजे आपसांत वाटून घेऊन १:७०० या प्रमाणातील, पाण्याच्या पातळीवरील भागापुरती मर्यादित अशी मालिका सुरू केली. प्रमाण एकच असल्याने वेगवेगळी जहाजे शेजारी ठेवून त्यांची तुलना करणे सामान्य हौशी माणसाला शक्य झाले. पुढे आम्लाने कोरलेल्या पितळी पत्र्याचे कठडे व शिड्या उपलब्ध झाल्या आणि तपशिलाची भूक वाढली. तपशील वाढला की पुराव्याची गरजही वाढते. छंदातूनच संशोधनाची निकड निर्माण होते, ती अशी.

प्रमाणाचे गणित :
प्रतिकृतीचे काम वरवर हस्तकौशल्याचे वाटले, तरी त्याचा पाया गणिताचा आहे. उदाहरणार्थ, जुन्या कागदपत्रांत दोराची जाडी परिघाने सांगितलेली असते. १८ इंची नांगरदोर म्हणजे १८ इंच परिघाचा दोर. त्याचा व्यास सुमारे १४.५ सेंटिमीटर आणि १:४८ प्रमाणात तो सुमारे ३ मिलिमीटर होतो. परिघालाच व्यास समजले, तर दोर तिपटीहून अधिक जाड होईल आणि संपूर्ण जहाज बोजड दिसेल. लाकडाचे रेषे प्रमाणात लहान होत नाहीत, हीही एक अडचण असते. म्हणून सागवानी जहाजाची प्रतिकृती सागवानात केल्यास ती ओबडधोबड भासते. त्याऐवजी बारीक रेषांचे नासपतीचे किंवा बॉक्सवूड जातीचे लाकूड वापरले जाते. मूळ द्रव्याशी निष्ठा आणि मूळ रूपाशी निष्ठा यांपैकी एकीची निवड प्रतिकृतिकाराला करावी लागते, आणि ही निवडही अर्थनिर्णयनच असते.

'ट्रिंकोमाली' : आराखडा उपलब्ध असलेले जहाज :
आराखड्याचे महत्त्व मुंबईच्या गोदीतील एका घटनेतून स्पष्ट होते. ब्रिटिश आरमारासाठी मुंबईत ३८ तोफांच्या वर्गातील 'ट्रिंकोमाली' हे फ्रिगेट बांधण्याचे ठरले. त्याचे आराखडे घेऊन निघालेले 'जावा' हे जहाज २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या जहाजाने पराभूत केले आणि नंतर ते जाळण्यात आले. आराखडे नष्ट झाले. इंग्लंडहून नवे आराखडे आल्यानंतर १८१६ मध्ये काम सुरू झाले आणि जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेले हे सागवानी जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडण्यात आले. वाडिया घराण्याचे कौशल्य वादातीत होते. तरीही आरमाराला हवे तेच जहाज हवे असल्याने कागदाची वाट पाहावी लागली. या वर्गाची मूळ रेखाकृतीही १७८२ मध्ये इंग्रजांच्या हाती पडलेल्या 'एबे' या फ्रेंच जहाजावरून घेतलेली होती. म्हणजे फ्रेंच जहाजाचे रूप इंग्लंडच्या कागदावरून मुंबईच्या सागवानात उतरले.

योगायोग असा, की ज्या जहाजाने हे आराखडे बुडवले, त्याची एक समकालीन प्रतिकृती सुरक्षित राहिली. 'कॉन्स्टिट्यूशन'चा पूर्वीचा कप्तान आयझॅक हल याने ती १८१३ मध्ये सेलम येथील संस्थेला दिली. पुढील डागडुजींत मूळ जहाजाचे रूप बदलत गेल्याने १८१२ च्या सुमारास ते कसे दिसत होते, याचा विचार करताना अभ्यासक या प्रतिकृतीकडे वळतात. येथे प्रतिकृती हीच अस्सल साधन ठरते.

'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. त्यामुळे प्रत्यक्ष जहाज पाहून प्रतिकृती करणे सोपे वाटेल. परंतु १८४० च्या दशकात त्याच्या तोफा २६ पर्यंत घटवून त्याचे कॉर्व्हेटमध्ये रूपांतर करण्यात आले आणि पिछाडीची घडणही बदलली. आजच्या जहाजाची हुबेहूब नक्कल करून खाली '१८१७' असे लिहिल्यास ती चूक ठरेल. जहाजाला एकच रूप नसते. प्रत्येक वर्षाचे रूप वेगळे असते. म्हणून 'कोणते जहाज' याबरोबरच 'कोणत्या वर्षीचे जहाज' हे सांगणे प्रतिकृतिकाराचे कर्तव्य आहे.

बदलणारा पुरावा :
पुरावा बदलला की प्रतिकृतीही बदलावी लागते. स्वीडनचे 'वासा' हे जहाज १६२८ मध्ये बुडाले व १९६१ मध्ये वर काढण्यात आले. त्याच्या पिछाडीच्या शिल्पांमागील पार्श्वभूमी निळी असावी, असा आरंभी समज होता. पुढे रंगकणांच्या परीक्षणावरून ती लाल असल्याचे दिसून आले. तोपर्यंत निळी रूपे प्रचलित झाली होती. जपानच्या 'यामातो' या युद्धनौकेची अनेक कागदपत्रे १९४५ मध्ये नष्ट करण्यात आली. १९८५ मध्ये तिच्या अवशेषांची ओळख पटली, आणि पुढील चित्रणांमुळे पूर्वीच्या तपशिलांची फेरतपासणी करता आली. कुरे येथील संग्रहालयात २००५ पासून तिची १:१० प्रमाणातील २६.३ मीटर लांबीची प्रतिकृती आहे. कागद नष्ट झाले तरी अवशेष, छायाचित्रे आणि साक्षी यांच्या आधारे पुनर्रचना शक्य असते, हे यावरून दिसते.

गुराब : आराखडा उपलब्ध नसलेले जहाज :
मराठा आरमाराच्या बाबतीत परिस्थिती अधिक कठीण आहे. येथे छायाचित्रे असण्याचा प्रश्नच नाही, आणि इंग्लंडमधील आरमारी आराखड्यांसारखा गुराबेचा समकालीन मराठी आराखडा आज उपलब्ध नाही. किनाऱ्यावरील कारागिरांचे ज्ञान हातात, डोळ्यांत आणि तोंडी हिशेबात होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या लढाईत तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळून खाक झाले, तेव्हा एका परीने आराखडाच जळाला.

तरीही साधनांचा अगदीच अभाव नाही. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण असून, त्यात गुराबा फार मोठ्या वा फार लहान न करता मध्यम आकाराच्या सजवाव्यात, असा निर्देश आहे. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याचे वर्णन अधिक मोजमापाचे आहे. त्याच्या मते दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांपर्यंत, तर तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची असे. लांबीच्या मानाने ती रुंद, उथळ पाण्यात चालणारी, आणि पुढे भूमध्य समुद्रातील गलबतांप्रमाणे लांब नाळ असलेली होती. नाळेवरून पुढच्या दिशेने मारा करण्यासाठी ९ ते १२ पौंडी दोन तोफा असत. गलबत ७० टनांहून क्वचितच मोठे असून ४० ते ५० वल्ह्यांनी चालविले जाई. विजयदुर्गच्या लढाईवरील डॉमिनिक सेरेस याचे प्रसिद्ध चित्रही आहे. परंतु ते घटनेनंतर पंधरा वर्षांनी, १७७१ मध्ये रंगवलेले आहे.

या साधनांवरून डोलकाठ्यांची संख्या, तोफांची जागा व सर्वसाधारण ठेवण निश्चित करता येते. तळाची वक्ररेषा, फासळ्यांमधील अंतर, दोरकामाची मांडणी व रंग मात्र अनुमानानेच ठरवावे लागतात. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवरील नौकायुद्धाची शिल्पे आधार म्हणून घेण्याचा मोह होतो. पण ती कित्येक शतके आधीची आहेत. युरोपीय जहाजाचा तयार संच घेऊन त्यावर भगवा ध्वज लावणे हा त्याहून सोपा आणि अधिक घातक मार्ग आहे. कारण वल्ह्यांच्या साहाय्याने वाऱ्याविना चालणारी, उथळ खाडीत शिरणारी गलबते आणि रुंद, उथळ गुराबा हेच या आरमाराचे सामर्थ्य होते. खोल तळाचे जहाज दाखवले, की आंग्र्यांचे डावपेच अनाकलनीय होतात. काचेच्या पेटीतील अशी प्रतिकृती विद्यार्थी एकदा पाहतो आणि आयुष्यभर तीच खरी मानतो.

निष्कर्ष :
१) जहाज-प्रतिकृती हे गोदीतील साधन होते, विसाव्या शतकात मुद्रित आराखडे व प्लास्टिकचे संच यांमुळे ते सामान्य माणसाच्या हाती आले.
२) प्रतिकृतीचे ऐतिहासिक मूल्य कारागिरीवर नव्हे, तर तिच्यामागील पुराव्यावर आणि निश्चित केलेल्या वर्षावर अवलंबून असते.
३) मराठा आरमाराच्या प्रतिकृतींसोबत कोणता भाग साधनांवर आधारित आहे व कोणता अनुमानित आहे, याचे टिपण असणे आवश्यक आहे. अनुमानित भाग वेगळ्या छटेच्या लाकडात दाखवणेही शक्य आहे.
४) पारी याने जे काम दोन शतकांपूर्वी मोजपट्टी घेऊन केले, ते कोकणातील उरलेल्या लाकडी होड्यांबाबत आजही करता येण्यासारखे आहे. होडी बांधणाऱ्या वृद्ध कारागिरांचे तोंडी हिशेब नोंदवून घेतले, तर गुराबेच्या तळाच्या रेषेविषयीचे अनुमान अधिक भक्कम पायावर उभे राहील.

आंग्र्यांची गुराब आता पाण्यावर दिसणार नाही. तिची जी प्रतिकृती पुढील पिढी पाहील, ती प्रामाणिक असावी, ही जबाबदारी इतिहासाचे अभ्यासक आणि हौशी प्रतिकृतिकार या दोघांचीही आहे.