झेंड्यातला शह

३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडात भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत संपली, तेव्हा सचिन तेंडुलकरने सेबास्टियन फेटेलच्या गाडीसमोर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा फडकवला. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे सावध, निळा म्हणजे मागच्याला वाट द्या. एवढं पाठ करून भागतं. पण चौकड्यांचा आणि शेवटाचा काय संबंध? अमेरिकेत सांगतात ती गोष्ट जेवणाची आहे. गावच्या घोड्यांच्या शर्यतीनंतर पंगत बसायची, आणि पानं मांडून झाली की टेबलावरचं चौकड्यांचं कापड हलवून ‘आता पुरे’ अशी खूण व्हायची. गोष्ट चविष्ट खरी, पण तिला कागदाचा आधार नाही. फ्रान्समधल्या सायकल शर्यतींकडे बोट दाखवणाऱ्यांचीही तीच गत. अभ्यासक फ्रेड एग्लॉफ यांनी २००६ मध्ये मांडलेला माग मात्र पटतो. पॅकार्ड मोटार कंपनीतल्या सिडनी वॉल्डनने हा झेंडा १९०६ च्या ‘ग्लिडन टूर’ या मोटारफेरीसाठी योजला. बफेलोहून ब्रेटन वुड्सपर्यंतच्या त्या वाटेवर ठिकठिकाणी नाके होते, आणि तिथे बसून गाड्यांच्या वेळा टिपणारे ते ‘चेकर’. इंग्रजीत ‘चेकर’ म्हणजे चौकडीसुद्धा; जिथे चेकर, तिथे चेकरचा झेंडा! त्याच ऑक्टोबरात लाँग आयलंडवरच्या व्हँडरबिल्ट कप शर्यतीच्या छायाचित्रात तो अंतिम रेषेवर दिसतो.

ही कोटी दिसते तितकी उथळ नाही. फारसी ‘शाह’ बुद्धिबळाबरोबर अरबांमार्फत युरोपात पोचला आणि जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, त्यावरून इंग्रजीत ‘चेक’ झाला. राजाला शह, म्हणून अडवणं, त्यावरून आवर घालणं आणि शेवटी पडताळणं, ही ‘चेक’ची एक शाखा; बुद्धिबळाच्या पटावरून चौकडी, ही दुसरी. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब पटासारख्या आखलेल्या कापडावर सोंगट्या मांडून व्हायचा, म्हणून ते खातं ‘एक्सचेकर’. म्हणजे चौकड्यांचं कापड आणि तपासणी यांची गाठ वॉल्डनच्या सातशे वर्षं आधीच पडली होती. आपण शहाला काटशह देतो, चेक्सचा शर्ट घालतो, बँकेत चेक टाकतो. सगळी एकाच राजाची पिलावळ.

कुणी म्हणेल, काळं-पांढरं धुळीतही उठून दिसतं म्हणून निवडलं, कोटी मागाहून चिकटवली. उठून दिसण्यामुळे झेंडा टिकला असेल, पण तो आधी नाक्यावरच का उगवला, हे त्यातून सुटत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: नाका वाटेत असतो, शेवटी नव्हे. पण हा झेंडा ‘थांबा’ म्हणतोच कुठे? त्यासाठी लाल आहे. चौकड्यांचा झेंडा पडल्यावरही गाड्या फेरी पुरी करूनच पिटमध्ये येतात. ‘तुमची वेळ टिपली’, एवढंच तो सांगतो, आणि अगदी नाक्यावरच्या कारकुनासारखं सांगतो. २०१८ साली माँट्रियलच्या ७० फेऱ्यांच्या शर्यतीत पाहुणी मॉडेल विनी हार्लो हिच्या हातून तो एक फेरी आधीच फडकला. गाड्या धावतच होत्या. निकाल मात्र झेंड्याआधी पुऱ्या झालेल्या ६८ व्या फेरीअखेरचा धरला गेला.