वीस महिन्यांनी वाजलेली घंटा

स्मरणिका समितीनं शाळेचा इतिहास तुकड्यातुकड्यांनी वाटून दिला, तेव्हा गोड भाग इतरांनी आधीच उचलले होते. स्थापना, इमारतीसाठी गावानं केलेलं श्रमदान, स्कॉलरशिपची परंपरा, जुने गुरुजी. माझ्या वाट्याला आली ती २०२० ते २०२२ ही वर्षं. "तू तेव्हा शाळेवर होतास, तूच लिही," असं सगळ्यांचं म्हणणं. होतो खरा. याच शाळेतून १९८६ साली सातवी होऊन बाहेर पडलो आणि बदल्यांचे फेरे घेत घेत शिक्षक म्हणून पुन्हा याच पडवीत आलो. त्यामुळे खालचा मजकूर अर्धा माजी विद्यार्थ्याचा आहे आणि अर्धा गुरुजींचा. काही ठिकाणी त्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, ते तसंच ठेवलं आहे.

आधी थोडं मागचं. रोग मुंबईत आणि माणसं कोकणच्या वाटेला, हे आपल्या भागाला नवं नाही. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला आणि पुढच्या काही महिन्यांत शहरातली निम्म्याच्या आसपास माणसं बाहेर पडली. गिरण्यांत तेव्हा सर्वांत जास्त कामगार रत्नागिरी जिल्ह्याचे. ते जाणार कुठे? आगबोटीनं, पायी, जमेल तसे घरी आले. त्या प्लेगसाठी इंग्रज सरकारनं फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं करोनासाठी वापरला तोही तोच, सव्वाशे वर्षांचा. मधे १९१८ची मानमोडी येऊन गेली. एकट्या मुंबई इलाख्यात तिनं दहा लाखांहून जास्त माणसं नेली. माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची की एका घरातलं प्रेत पोचवून माणसं परत येईपर्यंत दुसऱ्या घरातलं तयार असायचं. पण त्या साथींत शाळा किती दिवस बंद राहिली, आईबापांनी पोरं परत कधी धाडली, पहिल्या दिवशी कोण आलं, याची एक ओळही आपल्या दप्तरात नाही. जे होतं ते वाळवीनं खाल्लं. म्हणून हे लिहायला बसलो.

१६ मार्च २०२० पासून शहरातल्या शाळा बंद झाल्या आणि आठवड्याच्या आत आपलीही. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्याचं २० मार्चला कळलं तेव्हा पोरांनी आनंदानं उड्या मारल्या. २५ तारखेपासून सगळा देशच बंद. पुढचं ऑनलाइन शिक्षण, आंब्याच्या बागेत रेंज शोधत फिरणारी मुलं, सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' मालिका, हे तुम्हा सगळ्यांच्या घरी घडलेलंच आहे. त्यात वेळ घालवत नाही. एवढंच सांगतो की आमचा आणि पालकांचा खरा संबंध टिकला तो मोबाइलमुळे नाही, तांदळामुळे. पोषण आहार शिजवणं बंद झालं होतं. तांदूळ आणि कडधान्य पालकांच्या हाती द्यायचं होतं. त्या निमित्तानं आई किंवा आजी फाटकापर्यंत यायची, पिशवी पुढे करायची आणि लांबूनच पोराचं काही सांगायची.

आता जे लिहायचं मी टाळत होतो ते. मे २०२० मध्ये शाळा बंद नव्हतीच. ती विलगीकरण केंद्र होती. मुंबई, ठाणे, वसई-विरारकडून चाकरमानी यायला लागले. कशेडी घाटातल्या नाक्यावर तपासणी होऊन, ई-पास दाखवून गावाच्या वेशीवर पोचेपर्यंत माणूस अर्धा मेलेला असायचा आणि वेशीवर आपण आडवी टाकलेली फांदी. हो, आपणच. ग्राम कृती दलात मीही होतो. आलेल्याला घरी न जाता चौदा दिवस शाळेत राहायचं. माझं काम फाटकावर नोंद करण्याचं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात नालासोपाऱ्याहून एक कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन मुलं. त्यानं मास्क खाली ओढून मला माझ्या शाळेतल्या टोपणनावानं हाक मारली. सात वर्षं एका बाकावर बसलेला माझा वर्गमित्र. तो या कार्यक्रमालाही येणार आहे आणि त्याला विचारूनच हे लिहितो आहे. मी दोन पावलं मागे सरलो, वही उघडली आणि विचारलं, "संपूर्ण नाव?"

त्यानं सांगितलं. मी लिहिलं. वय, कुठून आले, मोबाइल नंबर. मग त्याला चौथीच्या वर्गाची किल्ली दिली, तीही जमिनीवर ठेवून. नियमानुसार सगळं बरोबर होतं. तेव्हा रोगाबद्दल आपल्याला कळत काय होतं? पण घसा बसलेल्या माणसाला मी पाणीसुद्धा विचारलं नाही आणि असं करा असं कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

त्यांचे चौदा दिवस पुरे व्हायच्या आत ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडात काय झालं ते वेगळं सांगायला नको. शाळेची पश्चिमेची कौलं पत्त्यांसारखी उडाली. चौथीच्या वर्गात ते चौघं दोन बाकांखाली शिरून बसले होते. गावात प्रत्येकाला आपापल्या छपराची पडली होती, हे खरं. आणि त्या दुपारी 'शाळेतल्यांचं काय?' हा प्रश्न एकाच्याही तोंडी आला नाही, हेही खरं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. तो वर्गातला चिखल काढत होता. माझ्याकडे बघून काही बोलला नाही.

नालासोपाऱ्याची नोकरी गेली होती, ते परतलेच नाहीत. त्याची थोरली मुलगी तिकडे पहिली होऊन आली होती. दुसरीत तिचं नाव आपल्या शाळेत दाखल केलं, पण ते कागदोपत्री, कारण वर्ग भरतच नव्हते. जानेवारी २०२१च्या शेवटी पाचवी ते आठवी सुरू झाली न झाली, तोच दुसरी लाट आली. त्या लाटेनं गावातली कोण कोण माणसं नेली ते तुम्हाला माहीत आहे. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग पुन्हा उघडले ते ४ ऑक्टोबरला. धाकटे राहिलेच.

२५ नोव्हेंबर २०२१ रोजी मंत्रिमंडळानं निर्णय घेतला की १ डिसेंबरपासून ग्रामीण भागात पहिली ते चौथीही भरेल. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं नव्या विषाणूला ओमायक्रॉन हे नाव दिलं. म्हणजे इकडे आम्ही फळे पुसायला घेतले आणि तिकडे टीव्हीवर लाल पट्ट्या सुरू. तिसरी लाट लहान मुलांवर येणार, हे तर वर्षभर कानांवर पडत होतं. शिक्षकांचे दोन्ही डोस झाले होते, पालकांचेही बहुतेकांचे. मुलांना मात्र लस नव्हती.

पालकसभा घेतली ती देवळासमोरच्या मोकळ्या जागेत, वाडीवार, तीन वेगळ्या वेळी. पहिली ते चौथी मिळून पोरं ३१. एका आजोबांनी विचारलं, "संमतीपत्रावर सही आमची. पोराला काही झालं तर सही कुणाची?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ते नाही असं मी सांगितलं. मग काय करणार आहोत तेवढं सांगितलं. एका बाकावर एक मूल. निम्मी मुलं एक दिवस, निम्मी दुसऱ्या दिवशी, आणि तीही वाडीप्रमाणे, म्हणजे घरी एकत्र खेळणारी मुलं शाळेतही एकत्रच राहतील. डबा नाही, तीन तासांत सुट्टी. ताप-खोकला असेल तर घरीच ठेवा, गैरहजेरी मांडणार नाही. ज्यांना पाठवायचं नाही त्यांच्या घरी आम्ही येऊ.

एक गोष्ट आम्ही उशिरा शिकलो होतो. पहिल्या वर्षी सगळा भर फवारणीवर होता. बाक, कड्या, पायऱ्या, दिसेल त्यावर हायपोक्लोराइट. हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो हे स्पष्ट होईपर्यंत दीड वर्ष गेलं होतं. त्यामुळे डिसेंबरात सगळा जोर खिडक्यांवर दिला. वादळानंतर दोन खिडक्या फळ्या ठोकून बंद केल्या होत्या, त्या काढल्या. पहिलीचा वर्ग पडवीतच बसवायचं ठरलं. आपल्या पूर्वजांनी जांभ्याच्या शाळेला एवढी मोठी पडवी का ठेवली, याचं मला पहिल्यांदाच कौतुक वाटलं.

२९ संमतीपत्रं आली. दोन आली नाहीत, आणि दोन्ही एकाच घरची. मित्राचा धाकटा आता पहिलीत होता.

संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. त्याच्या बायकोनं चहा ठेवला. तो म्हणाला, "तुझ्या शिकवण्याबद्दल काय नाय. पण पोरगी शाळा म्हटलं की रडते. तिच्या लेखी शाळा म्हणजे कोंडून ठेवायची जागा. कौलं उडतात ती जागा." थोड्या वेळानं म्हणाला, "आणि तू मला नाव विचारलंस."

दीड वर्ष मी या वाक्याची वाट बघत होतो. चुकलो म्हणालो. अजूनही काही म्हणालो असेन, ते आता आठवत नाही. तो गप्प होता. त्याची बायको मात्र व्यवहाराचं बोलली. "ती खोली आधी धुवायला पायजे. पंचायतीच्या पंपानं नको, हातानं."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच खराटा घेऊन आली. तिला बघून वरच्या वाडीतल्या तिघी आल्या, अंगणवाडीताई आली, आशाताई आली. मे महिन्यात यांतल्याच दोघी शाळेच्या फाटकावरून लांबून वळसा घालून जायच्या. त्यावर कोणी बोललं नाही. दुपारपर्यंत चौथीच्या वर्गाची फरशी दिसायला लागली. मुलीसाठी ठरलं ते असं: तिनं खिडकीजवळ बसायचं आणि पहिल्या दिवशी बापानं खिडकीबाहेर, पडवीच्या कडेला थांबायचं. पालकांनी शाळेच्या आवारात येऊ नये असा नियम होता. तो मी मोडला. केंद्रप्रमुखांना तेव्हा सांगितलं नव्हतं, आता या स्मरणिकेतून कळेल.

१ डिसेंबरला नेमका अवकाळी पाऊस. त्यात एसटीचा संप सुरू असल्यामुळे माझे सहकारी शिक्षक दुचाकीवरून भिजत आले. फक्कीनं आखलेले गोल पावसानं धुऊन नेले. नळाजवळ जाळीच्या पिशव्यांत साबणाच्या वड्या टांगल्या होत्या, त्या विरघळून फेस पागोळ्यांत. तरी पोरं आली. तापमापक बंदूक कपाळावर धरली की दुसरीतली मुलं डोळे घट्ट मिटायची. या दुसरीतल्या मुलांनी शाळा आतून कधी पाहिलीच नव्हती. आणि तिसरीतली पहिलीच्या मार्चमध्ये घरी गेलेली, त्यांचे पाय सवयीनं जुन्या पहिलीच्या वर्गाकडेच वळले.

घंटा मी वाजवली. वीस महिन्यांनी.

मित्राची मुलगी खिडकीत बसली. बाप छत्री धरून बाहेर उभा. तासाभरानं मी त्याच्यासाठी खुर्ची नेली आणि तांब्याभर पाणी. त्यानं ते प्यायलं. तिसऱ्या दिवशी तो आला नाही, कारण मुलीनंच त्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. तिसरीतल्या निम्म्या मुलांना जोडाक्षरं येत नव्हती, काहींना स्वतःचं नाव लिहायला वेळ लागत होता. ४ डिसेंबरला डोंबिवलीत राज्यातला पहिला ओमायक्रॉनचा रुग्ण सापडला आणि सोमवारी हजेरी निम्म्यावर आली. १० जानेवारीपासून पुन्हा कुलूप. त्या वेळी मला वाटलं, आता ही माणसं आपल्यावर परत विश्वास ठेवणार नाहीत. पण २४ जानेवारीपासून शाळा उघडायला परवानगी मिळाली तेव्हा संमतीपत्रं ३१ आली, सभा न घेता.

२ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. त्यानंतरच्या पहिल्या शाळेच्या दिवशी मी उघड्या तोंडानं वर्गात गेलो. पहिलीतली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. चार महिने मी त्यांना शिकवत होतो, पण त्यांनी माझं अर्धंच तोंड पाहिलं होतं. शेवटी मित्राचा धाकटा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला मिशी आहे?"