'पंपिंग ६० टक्के' म्हणजे काय? हृदयाची रचना आणि काम

टू-डी इको झाली की नातेवाईक रिपोर्टमध्ये एकच आकडा शोधतात. "डॉक्टर, बाबांचं पंपिंग साठच टक्के आलंय. म्हणजे चाळीस टक्के हृदय गेलं का?" रत्नागिरीत हा प्रश्न जवळजवळ रोज कानावर येतो. उत्तर आहे, नाही. साठ टक्के पंपिंग हे निरोगी हृदयाचे लक्षण आहे. हे का, ते कळण्यासाठी हृदय आतून कसे असते ते पाहावे लागेल.

हृदय साधारण आपल्या मुठीएवढे असते. वजन सुमारे ३०० ग्रॅम. ते छातीच्या मध्यभागी, किंचित डावीकडे झुकलेले असते. आत चार कप्पे असतात. वरचे दोन कप्पे म्हणजे कर्णिका; यांत रक्त येऊन जमते. खालचे दोन म्हणजे जवनिका. त्या रक्त बाहेर ढकलतात. मधल्या पडद्यामुळे उजवी आणि डावी बाजू वेगळी राहते. खरे तर हे शेजारी-शेजारी बसवलेले दोन पंप आहेत. उजवा पंप शरीरातून आलेले, प्राणवायू कमी असलेले रक्त फुप्फुसांकडे पाठवतो. डावा पंप फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त महाधमनीतून डोक्यापासून पायापर्यंत पोहोचवतो. फुप्फुसे शेजारीच आहेत, तिथे फार दाब लागत नाही. त्यामुळे उजव्या जवनिकेची भिंत पातळ असते आणि डावीची तिच्या जवळपास तिप्पट जाड.

भाट्याच्या खाडीत भरतीला पाणी आत येते, ओहोटीला त्याच वाटेने बाहेर जाते. हृदयात असे होऊन चालत नाही. रक्ताने एकाच दिशेने पुढे जायला हवे, आणि ते काम चार झडपा करतात. ज्यांच्या बागेत विहिरीवर पंप आहे त्यांना हे लगेच समजते. पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह पाणी वर येऊ देतो, खाली उतरू देत नाही. तो गळू लागला की पाइपातले पाणी परत विहिरीत जाते. झडपा बंद होतानाच 'लब-डब' असा आवाज येतो. स्टेथोस्कोपने आम्ही तोच ऐकतो. झडप नीट मिटली नाही तर 'गळती', आणि आखडून नीट उघडली नाही तर 'झडप अरुंद झाली' असे म्हणतात. लहानपणी घसा दुखून नंतर सांधे सुजले होते का, असे डॉक्टर विचारतात ते याच कारणाने. संधिवाताच्या त्या तापाने झडपा खराब होतात आणि त्रास कधी कधी वीस-पंचवीस वर्षांनी सुरू होतो.

आता पंपिंगचा आकडा. डावी जवनिका पूर्ण भरते तेव्हा तिच्यात सुमारे १२० मिलिलिटर रक्त असते. एका ठोक्यात त्यातले ७० मिलिलिटर बाहेर जाते, बाकीचे आत उरते. ७० भागिले १२०, म्हणजे सुमारे ५८ टक्के. हेच पंपिंग. शंभर टक्के कोणाचेच नसते. साधारण ५५ ते ७० ठीक, ४० किंवा त्याहून कमी म्हणजे स्नायू नक्कीच कमजोर. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळपास पाच लिटर रक्त फिरते.

मात्र केवळ या आकड्यावर विसंबू नका. डाव्या बाजूची झडप खूप गळत असेल तर जवनिका रिकामी छान होते, पण त्यातले काही रक्त उलटे, फुप्फुसांच्या दिशेने जाते. रिपोर्टवर ६० टक्के आणि माणसाला रत्नदुर्गाच्या चार पायऱ्या चढल्या की धाप! वर्षानुवर्षे रक्तदाब जास्त राहिला तर स्नायू जाड आणि ताठर होतो. तो आकुंचन पावतो, पण सैल पडून नीट भरत नाही. तेव्हाही आकडा चांगला दिसू शकतो.

ठोक्याचा हुकूम मेंदूकडून येत नाही. उजव्या कर्णिकेत पेशींचा एक छोटा पुंजका स्वतःच वीज निर्माण करतो. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. पण अशा शस्त्रक्रियेची कल्पनाच करता येते ती या गुणामुळे: मज्जातंतू कापले तरी हृदय स्वतःच्या विजेवर धडधडते.

इतके रक्त आतून जात असले तरी हृदयाचा स्नायू त्यातून स्वतःचे पोट भरू शकत नाही. त्याला रक्त देणाऱ्या वेगळ्या धमन्या महाधमनीच्या सुरुवातीलाच फुटतात आणि हृदयाच्या बाहेरून पसरतात. त्यातली एक गुठळीने बंद झाली की हार्ट अटॅक. त्या भागातला स्नायू मरू लागतो, आणि मेलेला स्नायू पुन्हा आकुंचन पावत नाही. पुढे रिपोर्टमध्ये पंपिंग ३५ टक्के येते त्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण.

म्हणून छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असे पंधरा-वीस मिनिटे राहिले तर गॅस समजून सोडा पिऊ नका, आणि थेट गाडी काढून आंबा घाटातून कोल्हापूरची वाटही धरू नका. ते अंतर सुमारे १३० किलोमीटर आहे. १०८ ला फोन करा, जवळच्या रुग्णालयात आधी ईसीजी काढा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे की अँजिओप्लास्टीसाठी पुढे न्यायचे, हे ईसीजी पाहून तिथले डॉक्टर ठरवतील.