काळ्या कातळातले चुंबक

भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या ओढ्यातली काळी, जड रेती कागदावर घ्या आणि कागदाखालून चुंबक फिरवा. काही कण उभे राहून त्याच्यामागे धावू लागतील. हे कण मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या एका ऑक्साइडचे. राजगड-तोरण्याचा बेसाल्ट झिजून ते सुटे झालेले असतात. पण मुलांच्या हाती लागतात ते मोठे कण. खरी गंमत आहे ती साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणाऱ्या कणांची.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना अशा कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडून ठेवली. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतीय खडकांवरची मोजमापे १९५६ साली प्रसिद्ध केली. लाव्हा वाहिला तेव्हा हा प्रदेश विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता, असे त्यांवरून दिसत होते. आज भोर १८ अंश उत्तरेला आहे! खंडे सरकतात हे तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांना मान्य नव्हते. त्यामुळे प्रश्न उरला: या साक्षीदारांवर विश्वास किती ठेवायचा?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे आणि लिखिते यांनी या कणांचाच अभ्यास हाती घेतला. खनिज तेच, पण कण केवढा यावर सारे अवलंबून. मोठ्या कणात वेगवेगळ्या दिशांची अनेक चुंबकीय क्षेत्रके असतात. त्याची दिशा सहज ढळते. त्याहून लहान कण सबंध एकच क्षेत्रक असतो आणि दिशा घट्ट धरतो. सुमारे ३० नॅनोमीटरहून लहान झाला, की नुसत्या उष्णतेने त्याची दिशा सतत उलटसुलट होते. त्याला स्मरण राहतच नाही. फ्रान्सच्या नेएल यांनी हे गणित १९४९ साली मांडले होते.

मग दगड न फोडता कण ओळखायचे कसे? या तिघांनी १९६५ साली एका उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात दगडाच्या तुकड्याला उलटसुलट चुंबकीय क्षेत्र देऊन त्याचा प्रतिसाद वक्राच्या रूपात पाहता येई. दिशा धरणाऱ्या कणांचा वक्र रुंद वेटोळे घेतो. अतिसूक्ष्म कणांचे वेटोळे मिटलेले असते. द्रवरूप नायट्रोजनने तेच कण उणे १९६ अंशांपर्यंत थंड केले, तर मिटलेले वेटोळे उघडू शकते. फळ्यावर काढून दाखवण्याजोगा इतका सुंदर पुरावा क्वचितच मिळतो.

आकारमानानंतर वळणाची पाळी आली. चुंबकीय पापुद्रा वाकवला की त्यातल्या शेजारी अणूंचे चुंबकत्व पृष्ठभागाबरोबर वळू पाहते, आणि समांतर राहण्याच्या त्यांच्या ओढीशी त्याचे भांडण होते. अशा वक्र पापुद्र्यांचा सिद्धांत युक्रेनच्या गायदिदेई, क्राव्चुक व शेका यांनी २०१४ साली मांडला. पुढे २०१८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथील माकारोव यांच्या गटाने त्वचेवर चिकटवता येणारे होकायंत्र केले. ६ मायक्रोमीटर जाडीच्या प्लास्टिकवर निकेल-लोखंडाचा, म्हणजे परमॅलॉयचा पातळ थर. चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनुसार धातूचा विद्युतरोध बदलतो, हा विल्यम थॉमसन यांनी १८५७ साली नोंदवलेला परिणाम इथे कामी आला.

पण बोट वाकले तरी रोध बदलणारच. आपल्याकडे पृथ्वीचे क्षेत्र जेमतेम ४० मायक्रोटेस्ला; बोटाच्या हालचालीत ते हरवायला वेळ लागत नाही. म्हणून चार पट्ट्या व्हीटस्टनच्या सेतूत जोडतात: वाकण्याचा परिणाम चौघींवर जवळपास सारखा होऊन मिटतो, दिशेचा तेवढा शिल्लक राहतो. हा सेतू आपण बारावीला शिकवतोच.